तुमचं ‘बेस्ट ऑफ’ दुसऱ्याला करू देऊ नका

कुठल्याही स्ट्रीमिंग ॲपवर जा आणि ‘जॉय डिव्हिजन’ शोधा. बँडच्या नावाखाली चार-पाच ‘लोकप्रिय’ गाणी दिसतील. त्यात ‘लव्ह विल टेअर अस अपार्ट’ असणारच. त्याखाली ॲपने स्वतः तयार केलेली ‘या बँडचं सर्वोत्तम’ छापाची प्लेलिस्ट. आणखी खाली गेलात की हाच बँड ‘उदास’, ‘पावसाळी’, ‘रात्रीचा अभ्यास’ अशा कुठल्यातरी ढिगात पडलेला सापडेल. तुम्ही प्ले दाबता, फोन खिशात टाकता, भांडी घासता किंवा बसमध्ये खिडकी पकडता. पाऊण तासाने जॉय डिव्हिजन तुम्हाला ‘माहीत’ झालेला असतो.

माझं म्हणणं असं की त्या पाऊण तासात तुम्ही बँड ऐकलाच नाही. बाकीच्या लाखो लोकांनी कुठल्या गाण्यावर बोट ठेवलं, याची सरासरी ऐकलीत.

म्हणून हा लेख. मुद्दा साधा आहे आणि तो मी मऊ करून सांगणार नाही. ज्या बँडवर तुमचा जीव आहे, त्याची निवड तुम्ही स्वतः केली पाहिजे. मोजक्या मिनिटांत, स्वतःच्या क्रमाने, आणि काय वगळलं त्याची जबाबदारी घेऊन. चाहते हे उद्योग कॅसेटच्या काळापासून करत आलेत आणि त्यांच्याकडे कायम रिकामटेकडे म्हणून पाहिलं गेलंय. माझ्या मते ते ऐकण्याचं उरलेलं अर्धं काम करत होते. ते काम आपण ॲपवर सोपवलं, तर आपल्याकडे गाणी राहतील, मत राहणार नाही.

पोस्ट-पंकच का?

कारण या संगीताचा संसारच विखुरलेला आहे. पंकचा धुरळा खाली बसत होता, तेव्हा मँचेस्टर, लीड्स, लंडन, शेफील्ड इथल्या पोरापोरींनी गिटारच्या गोंगाटात डब, फंक, जर्मन प्रयोगशील रॉक, डिस्को असं हाताला लागेल ते घातलं. सायमन रेनॉल्ड्सने ‘रिप इट अप अँड स्टार्ट अगेन’ (२००५) या पुस्तकात या काळाच्या सीमा १९७८ ते १९८४ अशा धरल्या आहेत. जेमतेम सहा-सात वर्षं. त्यात छोटी लेबलं, थोड्या प्रती, भराभर निघालेली सिंगल्स.

आणि ही सिंगल्स बहुतेकदा अल्बममध्ये नसत. एकदा पैसे देऊन घेतलेलं गाणं चाहत्याला दुसऱ्यांदा विकू नये, असा तेव्हाच्या ब्रिटिश बँड्सचा एक अलिखित रिवाज होता. परिणाम असा की ‘ट्रान्समिशन’ हे गाणं ‘अननोन प्लेझर्स’वर (१९७९) नाही. ‘हाँगकाँग गार्डन’ हे सूझी अँड द बॅन्शीजचं पहिलं सिंगल (१९७८), पण त्याच वर्षीच्या त्यांच्या ‘द स्क्रीम’ या अल्बमच्या मूळ ब्रिटिश आवृत्तीत ते नाही. न्यू ऑर्डरचं ‘ब्लू मंडे’ १९८३ मध्ये बारा इंची रेकॉर्डवर आलं; त्याच वर्षीच्या अल्बमच्या मूळ ब्रिटिश आवृत्तीत ते शोधत बसलात तर सापडणार नाही. द फॉलचं ‘टोटली वायर्ड’ असंच एकटंदुकटं सिंगल. आणि जॉय डिव्हिजनचं ‘ॲटमॉस्फिअर’? ते मार्च १९८० मध्ये फ्रान्समधल्या एका छोट्या लेबलने काढलं, फक्त १,५७८ प्रतींत. त्याच्या मागच्या बाजूला होतं ‘डेड सोल्स’. बँडच्या सगळ्यात मोठ्या गाण्यांपैकी दोन, आणि जगात प्रती दीड हजार!

त्यात जॉन पीलच्या बीबीसी रेडिओ कार्यक्रमासाठी केलेली रेकॉर्डिंग्ज धरा. बँड स्टुडिओत यायचा, एका दिवसात तीन-चार गाणी वाजवून जायचा. एकट्या द फॉलने अशी २४ सेशन्स केली. त्यातली काही गाणी अल्बमवरच्या रूपापेक्षा सरस आहेत, असं माझ्यासारखे कितीतरी लोक भांडून सांगतील.

म्हणजे काय, तर या बँड्सचं ‘उत्तम ते’ कुठल्याही एका जागी कधीच नव्हतं. ते गोळा करावं लागत होतं. कुणीतरी बसून ‘हे इथलं घ्या, ते तिथलं घ्या’ असं ठरवायला लागत होतं. हे कुणी ठरवायचं, हाच खरा वाद आहे.

अल्बमचे सोवळेकरी

पहिला आक्षेप नेहमी त्यांच्याकडून येतो. ‘बेस्ट ऑफ’ हे आळशी लोकांचं काम, कलाकाराने अल्बम ज्या क्रमाने रचला त्याच क्रमाने ऐकावा, मधलं एक गाणं उचलणं म्हणजे कादंबरीचं एक पान फाडणं, वगैरे.

अल्बम क्रमाने ऐकावा हे मलाही मान्य आहे. गँग ऑफ फोरचा ‘एंटरटेनमेंट!’ किंवा जॉय डिव्हिजनचा ‘क्लोजर’ आधी पूर्ण ऐका, दोनदा ऐका, मग बोला. पण अल्बमला असं सोवळ्यात ठेवायला तो काही देव्हाऱ्यातून आलेला नाही. द क्युअरच्या पहिल्या अल्बमची, ‘थ्री इमॅजिनरी बॉइज’ची (१९७९) गाणी आणि मुखपृष्ठ कंपनीने ठरवलं. मुखपृष्ठावर फ्रिज, दिवा आणि व्हॅक्यूम क्लीनर. रॉबर्ट स्मिथला ते अजिबात पटलं नव्हतं. पुढच्याच वर्षी अमेरिकेसाठी त्यातली काही गाणी काढून, सिंगल्स घालून ‘बॉइज डोन्ट क्राय’ नावाचा वेगळा अल्बम बनवला गेला. यातलं पवित्र कुठलं?

पब्लिक इमेज लिमिटेडचा ‘मेटल बॉक्स’ (१९७९) घ्या. पत्र्याच्या गोल डब्यात बारा इंची तीन रेकॉर्डी. दर दहा मिनिटांनी उठून बाजू बदलायची. आधी कुठली रेकॉर्ड लावायची हे तुमच्या हातात. काही महिन्यांनी तोच अल्बम ‘सेकंड एडिशन’ म्हणून दोन रेकॉर्डींवर आला, तेव्हा गाण्यांचा क्रमही बदलला. बँडलाच क्रमाचं एवढं सोवळं नव्हतं.

आणि संकलन हा प्रकार हलका म्हणणाऱ्यांनी बझकॉक्सचं ‘सिंगल्स गोइंग स्टेडी’ (१९७९) एकदा ऐकावं. एका बाजूला आठ सिंगल्स, दुसऱ्या बाजूला त्यांच्याच आठ बी-साइड्स, दोन्हीकडे काळाच्या क्रमाने. लोक त्याच्यावर त्यांच्या अल्बम्सपेक्षा जास्त प्रेम करतात, कारण त्यात एक साधी, ठाम योजना आहे. न्यू ऑर्डरचं ‘सबस्टन्स’ (१९८७) कसं जन्मलं, याची फॅक्टरी रेकॉर्ड्सच्या टोनी विल्सनबद्दलची गोष्ट प्रसिद्धच आहे: नवी जॅग्वार घेतली, तिच्यात सीडी प्लेअर होता आणि गाडीत सगळी सिंगल्स एकत्र ऐकायची होती. थोडक्यात काय, तर लेबलच्या मालकाला जी हौस करता येते, ती चाहत्याने केली की मात्र पान फाडलं!

कंपनीचा गल्ला

तर मग कंपनीने काढलेलं ‘बेस्ट ऑफ’ घ्यावं का? तिथे निवड कानाने होते असं समजू नका. ती करारांनी होते.

जॉय डिव्हिजनचे स्टुडिओ अल्बम किती? दोन. इयन कर्टिस १८ मे १९८० रोजी गेला, ‘क्लोजर’ त्यानंतर दोन महिन्यांनी आला, आणि विषय संपला. त्या दोन अल्बमच्या बँडची ‘स्टिल’ (१९८१), ‘सबस्टन्स’ (१९८८), ‘पर्मनंट’ (१९९५), ‘हार्ट अँड सोल’ (१९९७) आणि ‘द बेस्ट ऑफ जॉय डिव्हिजन’ (२००८) अशी संकलनं निघाली. यातली काही खरोखर उपयोगाची आहेत, विखुरलेली गाणी त्यांनीच एकत्र आणली. पण तीच गाणी पुन्हा पुन्हा नव्या कागदात गुंडाळून विकणं याला निवड म्हणत नाहीत.

द फॉलचा पेच उलटा. ४० वर्षं, तीसहून अधिक स्टुडिओ अल्बम, साठहून अधिक आले-गेलेले वादक, आणि कायम असलेला एकच माणूस, मार्क ई. स्मिथ. स्टेप फॉरवर्ड, रफ ट्रेड, बेगर्स बँक्वेट, फोंटाना असं करत बँड इतक्या लेबलांच्या दारातून फिरला की सगळ्या काळातली गाणी एकत्र आणणारं पहिलं दणदणीत संकलन यायला २००४ उजाडावं लागलं. दोन सीडी, ३९ गाणी, आणि नाव ‘फिफ्टी थाउजंड फॉल फॅन्स कान्ट बी राँग’. एल्व्हिसच्या संकलनाची टिंगल करणारं. चांगलं आहे ते. पण तोवर पाव शतक द फॉलचं सर्वंकष ‘बेस्ट ऑफ’ होतं कुठे? चाहत्यांच्या घरी, कॅसेटवर, बॉलपेनने लिहिलेल्या यादीसह.

निवड करणाऱ्याला वगळण्याचं स्वातंत्र्य हवं. कंपनीला ते नसतं. तिला हिट गाणं घ्यावंच लागतं, दुसऱ्या लेबलवरचं सोडावंच लागतं, आणि चाहत्याने पुन्हा पैसे टाकावेत म्हणून एखादं न ऐकलेलं रेकॉर्डिंग शेवटी चिकटवावं लागतं.

अल्गोरिदमला गाणं आवडत नाही

आता माझ्या धंद्याकडे येतो. मी पोटापाण्यासाठी रँकिंगचं काम करतो. ऑनलाइन दुकानात तुम्ही ‘चप्पल’ टाइप केलं की कुठली चप्पल पहिली दिसावी, असल्या गोष्टी. त्यामुळे ‘अल्गोरिदम’ हा शब्द ऐकून मला भूतही दिसत नाही आणि देवही दिसत नाही. ते एक यंत्र आहे, त्याला एक आकडा वाढवायला सांगितलेला असतो, आणि ते इमानेइतबारे तो आकडा वाढवतं.

आकडा कुठला, हे महत्त्वाचं. ‘हे गाणं थोर आहे का’ असा प्रश्न यंत्राला विचारताच येत नाही. मग विचारलं जातं: माणूस हे गाणं मध्येच सोडेल का? शेवटपर्यंत ऐकेल का? नंतर ॲपवरच राहील का? म्हणजे जिंकतं ते सगळ्यात कमी लोकांना खटकणारं गाणं. आता तुम्हीच सांगा, पोस्ट-पंक हे संगीत मुळात खटकण्यासाठीच केलेलं असेल, तर न खटकण्याच्या परीक्षेत त्यातलं काय पास होणार?

दुसरी गोष्ट. यादीत वर ठेवलेल्या वस्तूवर जास्त बोटं पडतात, ती वर आहे म्हणूनच. बोटं पडली म्हणून ती वर राहते. आमच्याकडे याला ‘पोझिशन बायस’ म्हणतात. त्यावर उतारे आहेत, आम्ही ते लावतोही, पण तो पूर्ण जात नाही. ‘लोकप्रिय पाच’मध्ये एकदा बसलेलं गाणं तिथून उठत नाही, ते याचमुळे. पाणी जिथून एकदा वाहिलं तिथेच ओघळ पडतो, आणि पुढचं पाणी त्याच ओघळीने जातं.

तिसरी गोष्ट तर गमतीची आहे. स्पॉटिफायच्या जाहीर नियमानुसार गाणं किमान ३० सेकंद वाजलं तरच ‘ऐकलं’ असं मोजलं जातं. वायर या बँडच्या ‘पिंक फ्लॅग’ (१९७७) या अल्बममध्ये सुमारे ३५ मिनिटांत २१ गाणी आहेत. त्यातलं ‘फील्ड डे फॉर द संडेज’ २८ सेकंदांचं आहे. म्हणजे हिशोबाच्या वहीप्रमाणे हे गाणं आजवर कुणी कधीच ऐकलेलं नाही! दुसऱ्या टोकाला ‘मेटल बॉक्स’मधलं पहिलंच गाणं, ‘अल्बट्रॉस’, दहा मिनिटांहून मोठं. ते पूर्ण ऐकलंत काय आणि दोन मिनिटांचं गाणं ऐकलंत काय, वहीत नोंद एकच. शिवाय २०२४ पासून वर्षभरात १,००० वेळा न वाजलेल्या गाण्याला तिथे रॉयल्टीच मिळत नाही. ज्या बँडचं थोर गाणं १,५७८ प्रतींवर निघालं, त्या परंपरेला या वहीत जागा कुठली?

‘पण अल्गोरिदममुळेच तर मला हे बँड कळले,’ असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. ओळख करून द्यायला तो उत्तम आहे. पण लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थाने ओळख करून दिली, म्हणून संसार त्याने करायचा नसतो.

कॅसेट भरणारी माणसं

यंत्राआधी हे काम माणसं करत होती, आणि त्यावरून भांडणंही झाली. १९८० मध्ये बो वाव वाव या बँडने घरी गाणी रेकॉर्ड करण्याची तरफदारी करणारं सिंगल कॅसेटवर काढलं आणि कॅसेटची दुसरी बाजू कोरी ठेवली, भरा तुम्हाला हवं ते. १९८१ मध्ये ब्रिटिश रेकॉर्ड उद्योगाने, घरी टेप करणं संगीताचा जीव घेतंय, अशी मोहीम काढली. बोधचिन्ह म्हणजे कवटीच्या जागी कॅसेट आणि खाली दोन हाडं. अमेरिकेतल्या डेड केनेडीजने त्याच वर्षी आपल्या कॅसेटची एक बाजू रिकामी ठेवली आणि वर लिहिलं की या कामात तुम्हीही हातभार लावावा म्हणून ही बाजू मोकळी सोडली आहे. संगीत मेलं नाही, हे आपण पाहतोच आहोत.

आपल्याकडे या प्रकाराला इंग्रजी नाव नव्हतं, पण क्रियापद होतं: कॅसेट भरून घेणे. आमच्या घरी अशा दोन कॅसेट्स अजून आहेत. कोरी कॅसेट आणि कागदावर गाण्यांची यादी दुकानदाराला द्यायची, तीन-चार दिवसांनी भरलेली कॅसेट घ्यायची. ‘ए’ बाजूला तलत, ‘बी’ बाजूला किशोर, आणि शेवटचं गाणं अंतऱ्यात तुटलेलं, कारण टेप संपली. त्या यादीत कुठलं गाणं घ्यायचं यावर घरात वाद झाले असणार, कारण एका बाजूला ३० मिनिटंच होती. साल्फर्डमधला जॉय डिव्हिजनचा चाहता आणि सांगलीतला तलतचा चाहता एकमेकांना ओळखत नव्हते, पण दोघांच्या हातात तोच कागद आणि तीच अडचण होती.

हे सगळं खाजगी वेड वाटत असेल, तर द रेनकोट्सची गोष्ट ऐका. १९७९ मध्ये पहिला अल्बम काढणारा लंडनमधल्या बायकांचा हा बँड १९८४ च्या सुमाराला विखुरला. १९९२ मध्ये कर्ट कोबेन लंडनमध्ये त्या अल्बमची नवी प्रत शोधत रफ ट्रेडच्या दुकानात गेला. त्याला पत्ता मिळाला तो एका जुन्या वस्तूंच्या दुकानाचा, आणि तिथे बँडमधली आना दा सिल्व्हा स्वतः काम करत होती. हा किस्सा त्यानेच निर्वाणाच्या ‘इन्सेस्टिसाइड’सोबतच्या टिपणात लिहिला. १९९३ मध्ये रेनकोट्सचा पहिला अल्बम पुन्हा निघाला, त्यात कोबेनचं टिपण होतं. पुढच्या वर्षी बँड पुन्हा एकत्र आला. कोबेनने हाताने लिहिलेली आवडत्या ५० अल्बम्सची यादी नंतर प्रसिद्ध झाली, तीत रेनकोट्स आहेत, यंग मार्बल जायंट्स आहेत, ‘एंटरटेनमेंट!’ आहे. एका माणसाने ‘हे मला सगळ्यात प्रिय आहे’ असं नावानिशी सांगितलं आणि एक बँड परत आला. सरासरीने हे कधीही झालं नसतं, कारण सरासरीत रेनकोट्स नव्हतेच.

माझी ४५ मिनिटं

मराठीत ‘निवडणे’ या शब्दाला एक घरगुती अर्थ आहे. आपण तांदूळ निवडतो, भाजी निवडतो. तांदूळ निवडताना बोटांत येतात ते खडे. म्हणजे निवडणं हे काढून टाकण्याचंच काम आहे. ४०० गाण्यांची प्लेलिस्ट करणारा माणूस निवडत नाही, पोतं भरतो. म्हणून मर्यादा हवी. नव्वदच्या कॅसेटच्या एका बाजूला ४५ मिनिटं मावत, आणि तेवढी मला योग्य वाटतात.

उपदेश करून पळून जायचं नाही, म्हणून माझी जॉय डिव्हिजनची बाजू इथे मांडतो: डिजिटल, डिसऑर्डर, ट्रान्समिशन, शॅडोप्ले, न्यू डॉन फेड्स, डेड सोल्स, आयसोलेशन, ॲटमॉस्फिअर, ट्वेंटी फोर अवर्स, डिकेड्स. दहा गाणी, सुमारे ४१ मिनिटं. यातली चार दोन्ही स्टुडिओ अल्बमच्या बाहेरची आहेत.

‘डिजिटल’ पहिलं, कारण ते फॅक्टरीच्या अगदी पहिल्या रेकॉर्डवर, ‘अ फॅक्टरी सँपल’वर निघालं आणि त्यात बँड अजून तरुण, घाईतला, रागावलेला आहे. ‘डेड सोल्स’ मध्यावर, कारण त्यात आवाज यायलाच दोनेक मिनिटं लागतात. तोवर ड्रम्स आणि बास तुम्हाला ताटकळत ठेवतात. ‘आयसोलेशन’ त्याच्या मागोमाग, कारण सिंथचा तो कोरडा सूर त्या जड गाण्यानंतर खिडकी उघडल्यासारखा येतो. ‘डिकेड्स’ शेवटी. त्यानंतर काही लावता येत नाही, लावून पाहा.

आणि ‘लव्ह विल टेअर अस अपार्ट’ नाही. जागा होती, साडेतीन मिनिटांचं गाणं आरामात बसलं असतं. तरी नाही. ते वाईट आहे म्हणून नव्हे. ते गाणं कर्टिसच्या थडग्याच्या दगडावर कोरलंय, आणि ते यादीत आलं की बाकीची नऊ-दहा गाणी त्या मृत्यूची प्रस्तावना होऊन बसतात. मला चार माणसांचा बँड ऐकायचा आहे: पीटर हुकचा वरच्या सुरात गाणारा बास, स्टीव्हन मॉरिसचे यंत्रासारखे ड्रम्स, बर्नार्ड समनरची काटेरी गिटार, आणि कर्टिस. मला एका शोकांतिकेचं पार्श्वसंगीत नको आहे. ‘शीज लॉस्ट कंट्रोल’ नाही, त्याची चुटपुट मलाही आहे. ते घ्यायचं तर ‘शॅडोप्ले’ काढावं लागतं, आणि ते मी काढणार नाही.

तुम्हाला हे पटलं नसेल तर उत्तम. तुमच्या डोक्यात आत्ता ‘अरे, पण हार्ट अँड सोल कुठेय?’ असं काही आलं असेल, तर तेच मला हवं होतं. ॲपच्या यादीशी असं भांडता येत नाही, कारण तिथे भांडायला कुणी घरीच नसतं.

आणि हो, परीक्षा घेऊ नका

‘अननोन प्लेझर्स’च्या मुखपृष्ठावरच्या, एका पल्सारच्या स्पंदनांच्या त्या पांढऱ्या रेघा आता टी-शर्टवर सगळीकडे दिसतात. तो टी-शर्ट घातलेल्या मुलीला अडवून ‘तीन गाणी सांग बघू’ म्हणणारा एक इसम प्रत्येक कॉलेजात असतो. तो या लेखाचा मित्र नाही. स्वतःची निवड करणं म्हणजे दुसऱ्याच्या दारावर नाकाबंदी लावणं नव्हे. उलट त्याला ती तीन गाणी त्याच क्रमाने येतात, कारण त्यानेही ती ‘लोकप्रिय पाच’मधूनच पाठ केलेली असतात. इंग्रजी संगीत ऐकणं ही आपल्याकडे अजूनही कित्येकदा वर्गाची खूण म्हणून मिरवली जाते. पण फोन आणि डेटा असलेल्या कुणालाही आज त्या १,५७८ प्रतींवरचं गाणं मिळतं. मिळण्याची अडचण संपली आहे. आता श्रीमंती एवढीच उरली आहे की तुम्ही एका बँडला तीन आठवडे देता की नाही.

तेव्हा करा. एकच बँड घ्या. सगळे अल्बम एकेकदा पूर्ण ऐका, सिंगल्स आणि बी-साइड्स शोधा, पील सेशन्स मिळाली तर तीही. मग ४५ मिनिटं. किमान एक गाजलेलं गाणं बाहेर ठेवा आणि का ठेवलं ते एका वाक्यात लिहा. लिहिता आलं नाही, तर ते गाणं परत आत घ्या. क्रम लावून दोनदा ऐका. जिथे बोट ‘पुढचं’कडे जाईल तिथे यादी चुकली आहे. शफल बंद. आणि यादी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये किंवा वहीत ठेवा. गूगल प्ले म्युझिक २०२० मध्ये बंद झालं, विंक २०२४ मध्ये. ॲप्स येतात आणि जातात, तुमची निवड त्यांच्या सर्व्हरवर भाड्याने राहता कामा नये.

शेवटचं म्हणजे, ती यादी एका माणसाला पाठवा. सगळ्यांना नको, स्टेटसवर नको, एकालाच. आणि त्याच्याकडून उलट यादी मागा. त्याने तुमचं लाडकं गाणं वगळलं असेल, तर फोन करा आणि भांडा.